आजोबांचं पायाचं स्टूल : प्रकल्प नोंदी

5 जानेवारी 2025, रविवार

वाईच्या घरातून स्टूल आलं. घर रिकामं करताना चुलतभावाला ते कोठीच्या खोलीत गव्हाच्या डब्याखाली सापडलं. त्यानं फोटो पाठवून विचारलं, "हे जळणात टाकू की तुला हवंय?" मी त्याच दिवशी निघाले.

आजोबांच्या आरामखुर्चीपुढचं हे पायाचं स्टूल. खुर्ची कधीच विकली गेली, हे तेवढं उरलं. लांबी 18 इंच, रुंदी 14, उंची 13. चार कातीव पाय, वर चौकट, त्यावर लाल रेक्झिनची फुगीर गादी. पायांना हिरवा ऑइलपेंट, ठिकठिकाणी पोपडे आलेले. एक पाय दाताच्या कवळीसारखा हलतोय. वजन मात्र हातात घेतल्याबरोबर जाणवतं. साग आहे.

काम सुरू करण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर एकच गोष्ट लिहिली: जे काही लावीन ते पुढच्या माणसाला सोडवता आलं पाहिजे.

11 जानेवारी

रेक्झिन काढलं. कडेनं सव्वाशेच्या आसपास बारीक चुका (छोटे खिळे) मारलेल्या होत्या, सगळ्या गंजलेल्या. पक्कडीनं ओढल्या तर डोकी तुटतात. जुन्या स्क्रू-ड्रायव्हरचं टोक घासून चपटं केलं आणि एकेक चूक खालून उचलत गेले. तीन तास लागले. आत काथ्या, काथ्याखाली प्लायवुडचा तुकडा, आणि प्लायवुड उचललं तर खाली चौकटीच्या आतल्या कडेला भोकांची रांग! पुढे-मागे 21-21, दोन्ही बाजूंना 15-15 आणि चार कोपऱ्यांत एकेक. एकूण 76. बऱ्याच भोकांत वेताचे काळे पडलेले तुकडे अडकून बसलेले.

म्हणजे हे मुळात वेतानं विणलेलं स्टूल. मला ते आठवतं तेव्हापासून लालच होतं, त्यामुळे हे कधी मनातही आलं नव्हतं.

चौकटीच्या एका कोपऱ्यात, साधारण एक चतुर्थांश भोकांत, वेताऐवजी नायलॉनच्या दोरीचे तुकडे निघाले. म्हणजे तेवढाच भाग कधीतरी फाटला आणि कुणीतरी दोरीनं भरून काढला. तोच कोपरा का?

12 जानेवारी

मिस्त्री येऊन पाहून गेले. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये त्यांचं दुकान, आमच्या घराची दारं-खिडक्या त्यांनीच केलेली. त्यांनी स्टूल उलटं केलं, बोटानं सांधे चाचपले. "ताई, ह्यात स्क्रू नाही, एक खिळासुद्धा मूळचा नाही. हे दोन खिळे नंतरचे. सगळं कुसवात बसवलंय, सरसानं." कुसू म्हणजे खाचेत बसणारं लाकडाचं टोक, सरस म्हणजे चामड्याचा गोंद. चौकटीच्या खालच्या अंगावर हातरंध्याच्या लाटा तशाच आहेत, वरच्या अंगावर मात्र घोटून काढलेल्या. जिथे नजर जात नाही तिथे सुतारानं उगाच घाम गाळलेला नाही.

मशीननं रंग घासून देतो म्हणाले. मी नको म्हटलं. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, आणि हा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. कोरडा घासला तर ती धूळ घरभर, आणि घरात चार वर्षांचं मूल आहे.

19 जानेवारी

रंग काढला. गच्चीवर, जुन्या फ्लेक्सवर, मास्क आणि रबरी हातमोजे घालून. पेंट रिमूव्हर जाड थरानं लावायचा, वीस मिनिटं थांबायचं, रंग सुरकुतला की पत्र्यानं खरवडायचा. कातीव भागातल्या खाचांत सुतळी घालून ती दोन्ही हातांनी पुढे-मागे ओढली. हे मिस्त्रींनी सांगितलेलं, आणि पत्र्यापेक्षा हेच सरस ठरलं. कांगोऱ्याची कड जराही बोथट झाली नाही. खरवड ओली असतानाच पिशवीत भरून तोंड बांधलं.

हिरव्याखाली तपकिरी-काळं जुनं पॉलिश. कापसावर स्पिरिट घेऊन पुसलं तर लगेच चिकट होऊन बोळ्यावर आलं. म्हणजे चपडा, लाखेचं पॉलिश. स्पिरिटनं विरघळतो तो चपडाच. सगळा नाही काढला. वरचा मळ तेवढा उतरवला.

20 जानेवारी

रात्री दिव्याखाली स्टूल ठेवलं आणि हात फिरवताना बोट खाली गेलं. चौकटीच्या एका लांब पट्टीवर, मधोमध नाही, एका बाजूला, एक खोलगट जागा आहे. चार बोटं रुंद, मध्यभागी दीड सूत खोल (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). कडा इतक्या गुळगुळीत की दिवसाउजेडी नजरेतून सुटली होती. हिरवा रंग तिथेच सगळ्यात जाड साचला होता, म्हणजे खळगा रंगाच्या आधीचा. आणि नायलॉनच्या दोरीचा कोपरा त्याला लागूनच.

साताऱ्याला आत्याला फोन लावला.

"अगं, ती अण्णांची टाच," ती म्हणाली. अण्णा म्हणजे माझे आजोबा. "बहात्तरच्या दुष्काळात विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं. पायऱ्या उतरताना घसरले. उजवा गुडघा पुन्हा वाकलाच नाही. पाय असा सरळ काठीसारखा स्टुलावर ठेवायचे. डावा खाली. वह्या तपासताना तो पाय सारखा हलत असायचा, टाच त्या कडेवर घासत."

अण्णा 1991 साली गेले. एकोणीस वर्षं एक टाच त्या पट्टीवर हलत होती.

स्टूल कुठून आलं तेही आत्यानं सांगितलं. 1938 साली अण्णांच्या वडिलांनी साताऱ्याला एका साहेबाच्या बंगल्यातल्या सामानाच्या लिलावात खुर्ची आणि हे स्टूल अशी जोडी घेतली होती. अण्णा गेल्यावर हिरवा रंग लागला, आणि पुढे धाकट्या आत्याच्या लग्नात फाटका वेत दिसू नये म्हणून रेक्झिन.

26 जानेवारी

एका पायाच्या आतल्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढी अकरा भोकं आहेत. घूण. सागाच्या गाभ्याला कीड सहसा शिवत नाही, त्यात स्वतःचंच तेल असतं. पण गाभ्याबाहेरचा फिकट भाग गोड असतो, तो ती खाते. त्या पायाचं लाकूड कातताना कडेचा फिकट पट्टा राहून गेलाय आणि भोकं नेमकी तेवढ्यातच आहेत.

पांढऱ्या कागदावर भुकटी दिसत नाही म्हणून पायाखाली काळा कार्डपेपर ठेवलाय. ताजी भुकटी पिठासारखी पडली तर कीड आत आहे.

2 फेब्रुवारी

सांधे सोडवले. आजवरच्या कामात हा दिवस सगळ्यात आनंदाचा गेला.

आधी नंतरचे दोन खिळे काढले. लोखंडाभोवती लाकूड शाईसारखं काळं पडलं होतं. मग गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं सांध्याभोवती गुंडाळलं, वरून केस वाळवायच्या ड्रायरची ऊब दिली, आणि थांबले. दहा मिनिटांनी सांध्याच्या फटीतून मधासारखा थेंब वर आला आणि ओल्या चामड्याचा वास सुटला. सरस! सत्याऐंशी वर्षांपूर्वी कुणीतरी लावलेला किंवा त्याच्याही आधीचा, आणि अजून पाण्याला ओळखतो. पाय हलकेच पिळला, कुसू सबंध बाहेर आलं. एक तूसही तुटलं नाही.

हल्लीच्या पांढऱ्या गोंदानं जोडलेलं असतं तर सांधा सोडवताना लाकूडच फाटलं असतं, आणि उरलेल्या गोंदाच्या थरावर दुसरा गोंद नीट धरलाही नसता. जुन्या सरसावर नवा सरस मात्र लावता येतो, तो खालच्याला विरघळवून त्यात मिसळतो. म्हणून मी सरसावर अडून बसलेय.

खिळ्यांच्या काळ्या डागांवर ऑक्झॅलिक ॲसिडचं पाणी ब्रशनं लावलं. विषारी आहे, हातमोजे हवेतच. अर्ध्या तासात डाग चहासारखा फिका झाला. नंतर स्वच्छ पाण्यानं तीनदा पुसून घेतलं.

8 फेब्रुवारी

बोहरी आळीत सरसाच्या वड्या मिळाल्या. रात्री गार पाण्यात भिजत घातल्या, सकाळी फुगून जेलीसारख्या झाल्या. आईनं बजावलं, "चामड्याचा सरस माझ्या गॅसवर शिजवायचा नाही." बरोबर आहे तिचं. इंडक्शन शेगडी गच्चीवर नेली.

एका भांड्यात पाणी, त्यात सरसाचा डबा. उकळी येऊ द्यायची नाही. 60 अंशांच्या पुढे गेला की सरसाची ताकद जाते. ब्रश उचलल्यावर काकवीसारखी न तुटणारी धार पडली की झाला.

9 फेब्रुवारी, रविवार

जोडणी. सरस थंड हवेत मिनिटाभरात धरायला लागतो, म्हणून कुसू आणि खाच दोन्ही ड्रायरनं आधी कोमट केली. मिस्त्री मदतीला आले होते. लोखंडी शिकंजानं कातीव पायावर वळ उठतील, म्हणून चौकटीभोवती सुतळीचे चार वेढे देऊन मध्ये काठी घालून पीळ दिला. गुण्या लावून चारही कोपरे तपासले. एक पाय जमिनीपासून अर्धा सूत वर राहिला. पीळ जरा सैल केला, कोपरा दाबला, बसला.

मग मिस्त्रींनी खळग्यावर अंगठा ठेवला. "हा एक रंधा मारून सपाट करू? नाहीतर तेवढाच तुकडा बसवून देतो, सांधा दिसणार नाही." हे काम ते खरंच असं करतात की सांधा दिसत नाही. मी त्यांना टाचेची गोष्ट सांगितली. त्यांनी अंगठा तिथेच ठेवून पुन्हा एकदा फिरवला, आणि रंधा पिशवीत घातला. "मग इथे काचपेपरपण लावू नका," म्हणाले.

16 फेब्रुवारी

आज हाताला काम नाही, सरस पुरता वाळू द्यायचाय. डोक्यात एक विचार घोळतोय तो लिहून ठेवते.

आपल्या घरात पायांसाठी वेगळं आसन मुळात नव्हतंच. आपण पाटावर बसायचो, चटईवर, घोंगडीवर. मांडी घातली की पाय अंगातच मावतात. पाटावर पाय ठेवायचा तो पाद्यपूजेला. खुर्ची आली आणि पाय लोंबकळायला लागले, तेव्हा स्टुलाची गरज पडली. देवादिकांचं आणि राजांचं वेगळं, त्यांना पादपीठ असायचंच.

मिस्त्रींशी हे बोलले तर ते वेरूळची आठवण सांगायला लागले. दहाव्या क्रमांकाचं लेणं, विश्वकर्मा. त्यालाच सुतार की झोपडी म्हणतात. छताला दगडात कोरलेल्या कमानदार फासळ्या, हुबेहूब लाकडी तुळयांसारख्या, आणि स्तूपापुढे पाय खाली सोडून बसलेला बुद्ध. "आमच्या लोकांनी आधी लाकडात केलं असणार, मग दगडात," ते म्हणाले. सांगताना त्यांचा आवाज बदलला होता.

काळा कागद स्वच्छ आहे. पण थंडीत कीड आत गप्पही बसते, एवढ्यावर विसंबणार नाही.

23 फेब्रुवारी ते 2 मार्च

पॉलिश. वेत विणण्याआधीच करायचं, नंतर विणीवर डाग पडतात.

पाव लिटर स्पिरिटमध्ये 50 ग्रॅम चपडा रात्रभर विरघळवला, सकाळी मलमलीतून गाळला. मिस्त्री त्यात चंद्रसाची राळही घालतात, चकाकी कडक येते म्हणून. मला एवढी चकाकी नको होती. कापसाचा गोळा जुन्या मलमलीत बांधून बोळा केला, तळाला जवसाच्या तेलाचा एक थेंब. हात चालता राहिला पाहिजे. बोळा लाकडावर थांबला तर चिकटतो आणि खालचा थर उचलून घेतो. दुसऱ्या दिवशी दाराची बेल वाजली, मी क्षणभर थबकले आणि तेवढ्यात मागच्या पट्टीवर कापडाच्या विणीचा ठसा उमटला. स्पिरिटनं पुसून तेवढा भाग पहिल्यापासून केला.

आठ दिवसांत बारा हात. हवा कोरडी आहे ते बरं. पावसाळ्यात हेच पॉलिश दमट हवेनं पांढुरकं पडतं.

खळग्यात बोळा पोचत नाही. तिथे मऊ ब्रशनं तीनच हात दिले.

हा चपडा म्हणजे पळस, बोर, कुसुमाच्या फांद्यांवरच्या लाखेच्या किड्याची करणी. झारखंडात सगळ्यात जास्त पिकतो, आणि रांचीजवळ नामकुमला 1924 पासून लाखेवर संशोधन चालतं. एका किड्यानं पोखरलेल्या पायाला दुसऱ्या किड्याच्या लाखेनं झाकलं.

8 मार्च

वेताची जुडी आणली. वेत म्हणजे ताडाच्या कुळातला वेल. खुर्च्या विणायला त्याची नुसती बाहेरची चकचकीत साल वापरतात. कुठल्या जाडीची घ्यायची ते भोकं सांगतात. आपली भोकं दोन सुताची, दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर सहा सूत, म्हणून वेत एक सुताचा.

विणायला शिकवणारे काका मिस्त्रींच्या ओळखीचे. जन्मापासून अंध. अंधशाळेत वेतकाम शिकले आणि पुढची चाळीस वर्षं कचेऱ्यांच्या खुर्च्या विणण्यात गेली. एके काळी सरकारी कचेऱ्यांतल्या खुर्च्यांचा वेत बहुतेक अशाच हातांनी विणलेला असायचा. त्यांनी आधी स्टूल मांडीवर घेतलं, भोकं मोजली, मग खळग्याशी थांबले.

"इथं कुणाचा तरी पाय होता."

मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

9 मार्च, रविवार

पहिले चार टप्पे. वेत कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायचा. मी शहाणपणानं काल रात्रीच भिजत घातला होता, त्या दोन काड्या करड्या पडल्या आणि साल सुटायला लागली. फेकल्या.

पहिला टप्पा उभा, पुढून मागे. दुसरा आडवा, उभ्यांच्या वरून. तिसरा पुन्हा उभा, सगळ्यांच्या वरून, पहिल्या काडीच्या जरा उजवीकडे. चौथा आडवा, आणि इथे विणणं सुरू होतं: तिसऱ्याच्या वरून, पहिल्याच्या खालून. काडी भोकात सुटू नये म्हणून बांबूच्या खुंट्या ठोकायच्या. फार ताणायचं नाही. वेत वाळताना आपोआप आवळतो, आधीच ताणला तर तुटतो.

वेताला पेरं असतात. नखानं घासून बघितलं की एका दिशेनं नख सरकतं, दुसऱ्या दिशेनं अडतं. सरकतं त्या दिशेनंच ओढायचं.

संध्याकाळी चौकोनी जाळी तयार झाली, उभ्याच्या जोड्या, आडव्याच्या जोड्या. हातांची बोटं इतकी सोललीत की लिहिताना पेन टोचतंय.

15 मार्च

तिरक्या काड्या. पाचवा टप्पा एका तिरकस दिशेचा: उभ्या जोड्यांच्या खालून, आडव्या जोड्यांच्या वरून. सहावा उलट दिशेचा आणि उलट नियमाचा: उभ्यांच्या वरून, आडव्यांच्या खालून. दोन्ही झाले की चौकोनांचे कोपरे कापले जाऊन आठ कोनांची भोकं दिसायला लागतात.

पाचव्या टप्प्याची चौथी काडी घातली तेव्हा मला सगळं ठीक दिसत होतं. काकांनी बोटाची पेरं जाळीवरून फिरवली आणि थांबले. "तिसऱ्या ओळीत चुकलात ताई."

मी वाकून पाहिलं, चूक दिसेना.

"डोळे मिटा आणि ती काडी ओढा. बरोबर असली तर चौकोनाच्या कोपऱ्यात जाऊन झोपते. चुकलेली असली तर जोडीवर चढून बसते, अडते."

डोळे मिटून ओढली. सात-आठ बोटं सरकली आणि खरखर करून अडली. एका ठिकाणी मी आडव्या जोडीच्या वरून जायच्याऐवजी खालून गेले होते. काडी मागे घेतली, दुरुस्त केली, पुन्हा ओढली. या वेळी ती पाण्यातून दोरा जावा तशी सरकली आणि कोपऱ्यात बसली, आणि बसल्याचं बोटाला कळलं.

त्यानंतरच्या सगळ्या काड्या मी डोळे मिटून ओढल्या.

16 मार्च, रविवार

सहावा टप्पा संपला. सातवा म्हणजे भोकांवरून जाणारी रुंद पट्टी. ती एका बारीक वेतानं प्रत्येक भोकात टाके घेत आवळायची. खळग्याजवळ ती किंचित खाली झुकते. काकांनी तिथे दोन टाके जास्त आवळून दिले. "इथं जोर येणार," म्हणाले. मी म्हटलं, आता कुणाची टाच इथे घासायची नाही. "पाय ठेवायला नसेल तर कशाला विणलंत?" त्यांनी विचारलं.

खालच्या बाजूच्या गाठी ओल्या असतानाच बांधल्या, टोकं कापली. काकांची मजुरी दिली, आणि आईनं त्यांना पुरणपोळीचा डबा दिला. होळीच्या पोळ्या अजून शिल्लक होत्या.

17 मार्च

रात्रभरात वेत वाळला. टिचकी मारली तर डफासारखा वाजतो.

22 मार्च

आत्या साताऱ्याहून आली. तिचे गुडघे दुखतात, प्रवासानं पाय सुजले होते. काकांच्या बोलण्यानं मला धीर आला होता, नाहीतर मी हे स्टूल दिवाणखान्यात नुसतं मांडून ठेवलं असतं. खुर्चीपुढे आणून ठेवलं, तिचे दोन्ही पाय उचलून त्यावर ठेवले. बराच वेळ ती वेताकडे बघत होती. मग उजवा पाय थोडा पुढे सरकवला, टाच खळग्यात नेली. "माझी बसत नाही इथं," म्हणाली. "अण्णांचा पाय मोठा होता." आणि पाय तिथेच ठेवून चहा प्यायली.

चहाचा कप स्टुलावर ठेवू दिला नाही. चपड्यावर गरम कपाचं पांढरं वर्तुळ उमटतं.

30 मार्च, गुढीपाडवा

काळा कागद पुन्हा त्या पायाखाली सरकवला आहे. आता ऊन तापायला लागलंय, कीड असेल तर एप्रिल-मेमध्ये कळेल.